स्पेक्ट्रम ॲनालायझर: डिटेक्टर बदलला की आकडा बदलतो, मग खरा कोणता धरायचा?

लहरपट्टी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

टेबलावर ६०१ पॉइंटचा, दीड गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती पॉवर ते दाखवणारं यंत्र; दिसणारा पट्टा म्हणजे स्पॅन, त्यावरची एक फेरी म्हणजे स्वीप) आहे. मोजायचं आहे एसएक्स१२७६ चिपवरचं लोरा (लांब पल्ल्याचा, कमी वेगाचा रेडिओ) मॉड्यूल. ८६५.०६२५ मेगाहर्ट्झ, एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर १२, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, पॉवर २० डीबीएमला (१ मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल) सेट. मॉड्यूल, मग २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर), मग ॲनालायझर, सगळं केबलने. पॅडची भरपाई म्हणून ऑफसेट २० डीबी भरलेला आहे. साधारण १.३ सेकंदाचं पॅकेट दर १० सेकंदांनी जातं. तीन ठिकाणी आकड्यांचा मेळ लागत नाही.

१) पॉवर. आरबीडब्ल्यू (यंत्रातल्या मोजणीच्या फिल्टरची रुंदी) १ मेगाहर्ट्झ आणि पॉझिटिव्ह पीक डिटेक्टर ठेवला की १९.६ डीबीएम. आरबीडब्ल्यू १० किलोहर्ट्झ करून मॅक्स होल्ड (प्रत्येक पॉइंटचा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवणारा ट्रेस) भरू दिला आणि त्यावर २०० किलोहर्ट्झची चॅनल पॉवर (पट्ट्यातल्या पॉवरची बेरीज) लावली की ३०.५ डीबीएम, म्हणजे १ वॉटच्या वर! आरएमएस डिटेक्टर आणि क्लिअर राइट (दर स्वीपला नव्याने लिहिला जाणारा ट्रेस) ठेवला तर दर स्वीपला नवा आकडा, कधी कधी नुसता नॉइज.

२) ८३२ मेगाहर्ट्झला एक स्पर (नको असलेला सिग्नल) आहे, सुमारे -४५ डीबीएम. १० मेगाहर्ट्झच्या स्पॅनमध्ये ठणठणीत दिसतो. ५०० ते १५०० मेगाहर्ट्झ, आरबीडब्ल्यू १०० किलोहर्ट्झ, सॅम्पल डिटेक्टर असं लावलं की गायब. सेंटर थोडं सरकवलं की परत हजर.

३) ऑफसेट काढून, इनपुटला ५० ओहमचं टर्मिनेशन, स्पॅन १०० मेगाहर्ट्झ, आरबीडब्ल्यू १०० किलोहर्ट्झ, स्वीप १०० मिलिसेकंद. पॉझिटिव्ह पीकला नॉइज -८४.५, आरएमएसला -९०, सॅम्पल लावून शंभर स्वीपचं लॉग ॲव्हरेज घेतलं तर -९२.५ डीबीएम. एकाच टर्मिनेशनचे तीन आकडे कसे?

मॅन्युअलमध्ये प्रत्येक डिटेक्टरची एकेक ओळ व्याख्या दिली आहे, पण कोणता कुठे आणि का, ते त्यात नाही.

---

बकेटवाला

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की बाकीचे निम्मे सुटतात.

सिग्नल यंत्रात या क्रमाने जातो: आरबीडब्ल्यू फिल्टर, मग एन्व्हलप, मग लॉग, मग व्हिडिओ फिल्टर म्हणजे व्हीबीडब्ल्यू, मग डिटेक्टर आणि सगळ्यात शेवटी ट्रेस. डिटेक्टरचं काम एवढंच की एका पॉइंटच्या वाट्याला आलेल्या पट्टीत जे शेकडो-हजारो आकडे येतात त्यांतून पडद्यावर टाकायला एक निवडायचा किंवा काढायचा. त्या पट्टीला बकेट म्हणतात. मॅक्स होल्ड, ॲव्हरेज, व्ह्यू हे ट्रेसचे प्रकार त्याच्या नंतर येतात. ते एका स्वीपच्या पॉइंटची गाठ पुढच्या स्वीपच्या त्याच पॉइंटशी घालतात. डिटेक्टर एका स्वीपच्या आत काम करतो, ट्रेस मोड स्वीप-स्वीपमध्ये. हे दोन वेगळे न ठेवल्याने सगळा गोंधळ होतो, आणि काही कंपन्यांनी दोन्ही एकाच मेनूत कोंबून त्यात भर घातली आहे.

आता तुमची पट्टी मोजा. १००० मेगाहर्ट्झ भागिले ६०० म्हणजे एका बकेटची रुंदी १.६६७ मेगाहर्ट्झ. सॅम्पल डिटेक्टर त्यातला फक्त एका क्षणाचा आकडा उचलतो. ५०० पासून मोजत गेलं तर ८३२ च्या जवळचा पॉइंट ८३१.६६७ मेगाहर्ट्झला पडतो, म्हणजे स्पर तिथून ३३३ किलोहर्ट्झ दूर. १०० किलोहर्ट्झचा गॉसियन फिल्टर केंद्रापासून ५० किलोहर्ट्झवर ३ डीबी खाली असतो आणि उतार अंतराच्या वर्गाने वाढतो. ३३३ किलोहर्ट्झवर स्पर नॉइजच्या कितीतरी खाली गेलेला असतो. दर स्वीपला पॉइंट त्याच जागी पडतात, म्हणून तासभर थांबलात, मॅक्स होल्ड लावलात, तरी तो दिसणार नाही. सेंटर ३०० किलोहर्ट्झने वर सरकवलं की अंतर ३३ किलोहर्ट्झ उरतं आणि स्पर जेमतेम सव्वा डीबी कमी होऊन हजर होतो. तुम्हाला दिसलं ते हेच.

उपाय दोनच. रुंद स्पॅनवर काही शोधायचं असेल तर पॉझिटिव्ह पीक, कारण तो बकेटमधला सगळ्यात मोठा आकडा ठेवतो आणि काहीच निसटू देत नाही. किंवा बकेटची रुंदी आरबीडब्ल्यूपेक्षा कमी करा: पॉइंट वाढवा, स्पॅन तुकड्यांत घ्या, नाहीतर आरबीडब्ल्यू मोठा करा. सॅम्पल वापरायचाच असेल तर बकेट आरबीडब्ल्यूच्या निम्म्याहून मोठी नको. तुमच्या ६०१ पॉइंटला १०० किलोहर्ट्झ आरबीडब्ल्यूसाठी याचा अर्थ ३० मेगाहर्ट्झचा स्पॅन, फार तर.

पॉझिटिव्ह पीकची एक खोच लक्षात ठेवा. स्पर दिसेल आणि उंचीही बरोबर असेल, पण मार्करची फ्रीक्वेन्सी अर्धी बकेट, म्हणजे ०.८३ मेगाहर्ट्झ, इकडे-तिकडे असू शकते. ३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा २६ वा हार्मोनिक ८३२ ला येतो हे सिद्ध करायचं तर स्पॅन लहान करा किंवा मार्करचा काउंटर चालू करा.

आता तिसरा प्रश्न. नॉइजला एक ठरलेली उंची नसते, तिचं वितरण असतं, आणि प्रत्येक डिटेक्टर त्या वितरणातलं वेगळं काहीतरी उचलतो.

आरएमएस डिटेक्टर बकेटमधल्या सगळ्या आकड्यांची पॉवरमध्ये सरासरी काढतो. -९० हीच तुमची नॉइज पॉवर. १०० किलोहर्ट्झ म्हणजे ५० डीबी, आणि डिजिटल गॉसियन फिल्टरची नॉइज बँडविड्थ ३ डीबी रुंदीपेक्षा साधारण ६ टक्के जास्त म्हणजे पाव डीबी. हे वजा केलं की दर हर्ट्झला सुमारे -१४०.२ डीबीएम. जुन्या ॲनालॉग यंत्रांत चार पोलचा सिंक्रोनस फिल्टर असेल तर हा गुणक १.१२८, म्हणजे ०.५२ डीबी.

लॉग ॲव्हरेजमध्ये आधी डीबी काढले जातात आणि मग सरासरी. नॉइजच्या खोल दऱ्या लॉगमध्ये फार खोल जातात आणि सरासरीला खाली ओढतात. गॉसियन नॉइजसाठी ही ओढ २.५१ डीबी, पक्की. -९० वजा २.५ म्हणजे तुमचे -९२.५. व्होल्टेजमध्ये सरासरी घेतलीत तर फरक १.०५ डीबी येईल.

पॉझिटिव्ह पीकला हिशेब वेगळा. १०० मिलिसेकंद भागिले ६०० म्हणजे एका बकेटला १६७ मायक्रोसेकंद. १०० किलोहर्ट्झ आरबीडब्ल्यूत एवढ्या वेळात साधारण १७ स्वतंत्र नॉइज सॅम्पल बसतात. १७ मधला सगळ्यात मोठा सरासरी पॉवरच्या सुमारे ३.४ पट असतो, म्हणजे ५.३ डीबी वर. तुमचा फरक ५.५. जमलं. याच ट्रेसवर शंभर स्वीपचा मॅक्स होल्ड लावा, सॅम्पल १७०० होतील, पीक सरासरीच्या ८ पटींवर म्हणजे ९ डीबीवर जाईल आणि ट्रेस -८१ ला दिसेल. म्हणून पीक डिटेक्टरने मोजलेल्या नॉइज फ्लोअरला स्वीप टाइम सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही. स्वीप दहापट हळू केला तरी तो वर चढतो.

निव्वळ सीडब्ल्यू कॅरियर (एकाच फ्रीक्वेन्सीचा सतत टोन) नॉइजच्या बराच वर आणि बकेट आरबीडब्ल्यूच्या मानाने लहान असेल तर सगळे डिटेक्टर एकच आकडा देतात. शंका आली की आधी सिग्नल जनरेटरचा टोन टाकून तेवढं बघून घ्यावं.

---

चिर्प_चिकित्सक

लोराचा भाग मी घेतो. १९.६ बरोबर. ३०.५ हा आकडा डिटेक्टरने चुकवलेला नाही, मॅक्स होल्डवर बेरीज केल्याने तो आला आहे.

लोरा म्हणजे एकच कॅरियर १२५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सरकत राहतो. कुठल्याही क्षणी सगळी पॉवर एकाच फ्रीक्वेन्सीवर असते. एसएफ १२ ला एक सिंबॉल ३२.७७ मिलिसेकंदांचा, म्हणजे कॅरियर दर मिलिसेकंदाला ३.८ किलोहर्ट्झ सरकतो आणि १० किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून जायला त्याला २.६ मिलिसेकंद लागतात. फिल्टर स्थिरावायला ०.१ मिलिसेकंद पुरतं. म्हणजे मॅक्स होल्ड भरल्यावर प्रत्येक पॉइंटवर पूर्ण १९.६ डीबीएम बसलेले असतात. आता चॅनल पॉवरचं गणित समजतं की ही पॉवर एकाच वेळी सगळीकडे आहे, आणि बेरीज करतं: १३० किलोहर्ट्झ भागिले १०.६ किलोहर्ट्झ, म्हणजे १२ पट, १०.९ डीबी. १९.६ मध्ये मिळवा, ३०.५. तुमचा १ वॉट असा तयार झाला.

एसएफ ७ ला सिंबॉल १.०२४ मिलिसेकंदांचा, सरकण्याचा वेग ३२ पट, तरीही १० किलोहर्ट्झ फिल्टरमध्ये उंची फक्त अर्धा डीबी कमी येते. म्हणजे तिथेही हीच चूक दहा डीबीची राहील.

बेरीज करायची असेल तर ट्रेस पॉवर-सरासरीचाच हवा. मॅक्स होल्ड, पीक, लॉग ॲव्हरेज यांच्यावर चॅनल पॉवर लावू नका. बरीच यंत्रं चॅनल पॉवर निवडली की डिटेक्टर आपोआप आरएमएस करतात, पण आपण हाताने पीक किंवा मॅक्स होल्ड लावला तर मुकाट्याने तोही चालवून घेतात.

पॅकेटमधली पॉवर मोजायची सरळ रीत अशी. स्पॅन शून्य (यंत्र एकाच फ्रीक्वेन्सीवर थांबतं, आडव्या अक्षावर वेळ येतो), सेंटर ८६५.०६२५, आरबीडब्ल्यू १ मेगाहर्ट्झ, व्हीबीडब्ल्यू ३ मेगाहर्ट्झ किंवा असेल तेवढा मोठा, स्वीप २ सेकंद, व्हिडिओ ट्रिगर ० डीबीएमच्या आसपास, सिंगल स्वीप, डिटेक्टर आरएमएस. प्रत्येक पॉइंट ३.३ मिलिसेकंदांचा होईल. पॅकेटचा सपाट माथा दिसेल, त्यावर मार्कर. इथे आरएमएस आणि पॉझिटिव्ह पीक दोन-तीन दशांश डीबीत जुळले पाहिजेत, कारण एन्व्हलप स्थिर आहे. जास्त फरक आला तर पुरवठ्याचं व्होल्टेज पॅकेटच्या दरम्यान बसतंय का ते ऑसिलोस्कोपवर बघा. माथा उतरता दिसला तर जवळजवळ नक्कीच तेच.

क्लिअर राइटमध्ये आरएमएस नाचतो कारण १० सेकंदांतले ८.७ सेकंद हवेत काहीच नसतं, आणि पॅकेट असतानाही एका बकेटच्या वाट्याला सिंबॉलचा छोटासा तुकडा येतो. स्वीप हळू करून सगळ्या काळाची सरासरी काढलीत तर आकडा स्थिर होईल, पण ड्यूटी सायकल (प्रसारण चालू असण्याच्या वेळेचा वाटा) १३ टक्के असल्याने ८.९ डीबी कमी येईल. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

स्पेक्ट्रमचा आकार आणि चॅनल पॉवर दोन्ही हवे असतील तर मॉड्यूल सलग प्रसारणाला लावा आणि चाचणीपुरता एसएफ ७ ठेवा. एका बकेटमध्ये दहा सिंबॉल यावेत म्हणजे १० मिलिसेकंद, गुणिले ६००, स्वीप ६ सेकंद. एसएफ १२ ला पाचच सिंबॉल धरले तरी स्वीप ९८ सेकंदांचा होतो. बसा मग चहा घेऊन.

---

पॅड_आधी

वरच्या उत्तरातल्या सलग प्रसारणाला एक आडकाठी आहे. एसएक्स१२७६ च्या डेटाशीटमध्ये २० डीबीएमच्या मोडला ड्यूटी सायकल कमाल १ टक्का सांगितली आहे. सलग चालवायचं तर पीए बूस्ट (चिपचं जास्त पॉवरचं आउटपुट) १७ डीबीएमवर ठेवा. आणि प्रश्नातलं दहा सेकंदांना १.३ सेकंदांचं पॅकेट हेसुद्धा १३ टक्के होतं; २० डीबीएमला तेवढं पॅकेट सव्वादोन मिनिटांत एकदाच बसतं. १७ डीबीएमवर चॅनल पॉवर आणि शून्य स्पॅन जुळवून घ्या, मग २० डीबीएम फक्त शून्य स्पॅनमध्ये, तुरळक पॅकेटवर मोजा.

८३२ च्या स्परबद्दल. तो क्रिस्टलचाच असण्याची शक्यता दाट आहे, पण ८२४ ते ८४९ ही ८५० बँडची मोबाइल अपलिंक आहे. टेबलावरचा फोन तिथेच प्रसारण करू शकतो आणि मॅक्स होल्डला एकदा सापडलं की ते पडद्यावरून हलत नाही. मॉड्यूल बंद करा, ट्रेस पुसा, मॅक्स होल्ड पाच मिनिटं चालू ठेवा. रिकाम्या यंत्रावर जे दिसेल ते मॉड्यूलचं नाही. तसंच ८६९ च्या वर डाउनलिंक सुरू होते. अँटेना लावून मोजणाऱ्यांना ८६५ च्या शेजारी जी भिंत दिसते ती बहुधा टॉवरची.

स्पर यंत्राच्या आत तयार होतोय का हेही बघावं. आतला ॲटेन्युएटर १० डीबीने वाढवा. खरा स्पर जागेवर राहील, फक्त नॉइज वर येईल. स्परची उंचीच बदलली तर मिक्सर ओव्हरलोड आहे, मग डिटेक्टर कुठलाही लावा.

आणखी एक. मॅक्स होल्ड चालू असताना मॉड्यूलला पॉवर देऊ नका. सिंथेसायझर लॉक होईपर्यंतचा पसारा आणि स्विचचा झटका त्यात कायमचा कोरला जातो, आणि नंतर लोक त्या शिंगांचं कारण शोधत बसतात. आधी चालू, मग स्थिर, मग ट्रेस पुसायचा.

---

लहरपट्टी

शून्य स्पॅनमध्ये आरएमएस १९.५, पीक १९.७. १७ डीबीएमला सलग चालवून चॅनल पॉवर १६.६, शून्य स्पॅन १६.७. पहिले दोन प्रश्न मिटले, आभार.

दोन पुढचे प्रश्न. ट्रेस गुळगुळीत करायला व्हीबीडब्ल्यू कमी करणं, ट्रेस ॲव्हरेज लावणं आणि आरएमएस डिटेक्टर लावून स्वीप हळू करणं, यात फरक काय? आणि याच बोर्डच्या ६५ किलोहर्ट्झ फ्लायबॅक सप्लायचं कंडक्टेड एमिशन (मेन्सच्या तारांवरून बाहेर जाणारा गोंगाट) याच यंत्रावर अंदाजाने बघायचं आहे. त्यात क्वासी-पीक डिटेक्टर (पटकन चढणारा, हळू उतरणारा, एमिशनच्या मर्यादांसाठीचा) आहे, सगळा पट्टा त्यावरच चालवू का?

---

बकेटवाला

पहिल्याचं उत्तर देतो, दुसऱ्याला एमिशनवाले येतीलच.

व्हीबीडब्ल्यू लॉगनंतर बसतो, म्हणून लॉग स्केलवर आरबीडब्ल्यूपेक्षा लहान व्हीबीडब्ल्यू म्हणजे लॉग सरासरीच. नॉइज २.५ डीबी खाली दिसेल आणि पल्स सिग्नल त्याहून कितीतरी खाली. नॉइजजवळचा सीडब्ल्यू शोधायला मात्र हाच सगळ्यात चांगला, कारण लॉगमध्ये नॉइज जास्त दबतो आणि टोन तेवढा दबत नाही. पॉवर मोजायची असेल तेव्हा व्हीबीडब्ल्यू आरबीडब्ल्यूच्या निदान तिप्पट ठेवावा, पीक मोजताना दहापट.

ट्रेस ॲव्हरेज कुठल्या स्केलवर होतंय हे तपासा: लॉग, व्होल्टेज की पॉवर. बऱ्याच यंत्रांत कारखान्यातून लॉग येतं. डिटेक्टर आरएमएस आणि ट्रेस ॲव्हरेज लॉग असा खिचडी कारभार झाला तर नॉइजचा आकडा ना -९० येतो ना -९२.५, मधेच कुठेतरी लटकतो. आणि पॉझिटिव्ह पीकच्या ट्रेसचं ॲव्हरेज म्हणजे पीकांची सरासरी. गुळगुळीत, देखणी आणि पाच डीबी वर.

आरएमएस डिटेक्टरमध्ये एका स्वीपच्या आतच सरासरी होते. तुमच्या १०० मिलिसेकंदांत १७ सॅम्पल, म्हणजे ट्रेसची थरथर साधारण १ डीबी. स्वीप १० सेकंद केला की १७०० सॅम्पल, थरथर ०.१ डीबी. सॅम्पल डिटेक्टरला एका आकड्याची थरथर ५.६ डीबी असते आणि शंभर स्वीपच्या लॉग ॲव्हरेजनंतरही अर्ध्या डीबीच्या वर राहते. म्हणजे तेवढ्याच दहा सेकंदांत आरएमएस पाचपट स्वच्छ. सिग्नल स्वीप-स्वीपमध्ये बदलत असेल आणि तो बदल डोळ्याला दिसायला हवा असेल तरच ट्रेस ॲव्हरेज घ्या.

नॉइज मार्कर वापरत असाल तर २.५ डीबी आणि फिल्टरच्या रुंदीची दुरुस्ती तो स्वतःच करतो. ती परत हाताने मिळवू नका. अहवालांत असे दोनदा दुरुस्त केलेले आकडे सर्रास सापडतात.

नॉर्मल डिटेक्टरबद्दल कोणी विचारलं नाही, पण तो दुर्लक्षिला जातो म्हणून लिहितो. बकेटमध्ये सिग्नल चढलाही आणि उतरलाही असेल तर तो एका पॉइंटला कमाल आणि पुढच्याला किमान दाखवतो. नुसता चढला किंवा नुसता उतरला असेल तर कमाल. परिणाम असा की नॉइज जाड पट्ट्यासारखा दिसतो आणि टोन स्वच्छ रेघ म्हणून. बघायला उत्तम, त्यावर बेरीज करू नका. हेच आकड्यांत हवं असेल तर एका ट्रेसवर पॉझिटिव्ह पीकचा मॅक्स होल्ड, दुसऱ्यावर निगेटिव्ह पीकचा मिन होल्ड. दोन ट्रेस जिथे चिकटलेले तिथे सतत टोन, जिथे दूर तिथे नॉइज किंवा पल्स. तुमच्या यंत्रात सगळ्या ट्रेसना एकच डिटेक्टर असेल तर पहिला ट्रेस भरून व्ह्यूमध्ये ठेवा आणि मग डिटेक्टर बदला. व्ह्यूमधला ट्रेस गोठलेला असतो. त्यानंतर स्पॅन किंवा ॲटेन्युएटर बदललात तर पडद्यावर दोन वेगळ्या मोजमापांची तुलना होत राहील आणि यंत्र त्याची सूचना देईलच असं नाही.

---

एमिशन_नाका

सगळा पट्टा क्वासी-पीकवर चालवू नका. हिशेब बघा. १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झला सीआयएसपीआरचा (एमिशनच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा) आरबीडब्ल्यू ९ किलोहर्ट्झ. त्याच्या निम्म्याची पायरी धरली तर ६६०० च्या वर पॉइंट होतात. क्वासी-पीकला या पट्ट्यात चार्ज १ मिलिसेकंद, डिस्चार्ज १६० मिलिसेकंद आणि मीटरचा कालांक १६० मिलिसेकंद. स्थिर आकड्यासाठी पॉइंटला १ सेकंद द्यावा लागतो. एकूण १ तास ५० मिनिटं, तेही एका लाइनची. पीक डिटेक्टरला पॉइंटमागे २० मिलिसेकंद, म्हणजे मेन्सचं एक पूर्ण आवर्तन, पुरतं: सव्वादोन मिनिटांत काम झालं.

पीक नेहमी क्वासी-पीकएवढा किंवा त्याहून जास्त, आणि क्वासी-पीक नेहमी ॲव्हरेजएवढा किंवा त्याहून जास्त. म्हणून आधी पीकने झाडून घ्या. पीक जिथे ॲव्हरेजच्या मर्यादेच्याही खाली आहे तिथे पुढे काही मोजायची गरज नाही. जिथे त्या मर्यादेच्या वर आहे, तेवढ्याच फ्रीक्वेन्सींवर शून्य स्पॅनमध्ये थांबून क्वासी-पीक आणि ॲव्हरेज घ्या.

तुमच्या ६०१ पॉइंटला पूर्ण पट्टा एकदम घेतलात तर एक बकेट सुमारे ५० किलोहर्ट्झची. ६५ किलोहर्ट्झच्या हार्मोनिक त्यात जेमतेम सुट्या दिसतील. पट्टा दहा-बारा तुकड्यांत घ्या.

आकडे बोर्डासाठी. ६५ चा दुसरा हार्मोनिक १३० ला, पट्ट्याच्या बाहेर. पहिला मोजायचा तो तिसरा, १९५ किलोहर्ट्झ. सीआयएसपीआर ३२ च्या क्लास बीची मर्यादा १५० किलोहर्ट्झला क्वासी-पीक ६६ आणि ॲव्हरेज ५६ डीबी मायक्रोव्होल्ट, ती ५०० किलोहर्ट्झला ५६ आणि ४६ पर्यंत फ्रीक्वेन्सीच्या लॉगनुसार उतरते. १९५ ला ६३.८ आणि ५३.८ येते. ५ मेगाहर्ट्झपर्यंत ५६ आणि ४६, पुढे ३० पर्यंत ६० आणि ५०. यंत्र डीबीएममध्ये असेल तर ५० ओहमला १०७ मिळवा. एलआयएसएन म्हणजे मेन्स आणि बोर्डच्या मध्ये बसणारं मोजणीचं जाळं; त्यानंतर १० डीबीचा लिमिटर (झटक्यापासून इनपुट वाचवणारा) असेल तर तोही मिळवायचा.

आता जिथे फसतं ते. पहिलं, तुमचा नेहमीचा आरबीडब्ल्यू ३ डीबी रुंदीचा आहे, सीआयएसपीआरचा ६ डीबीचा. ९ किलोहर्ट्झचा खास फिल्टर नसेल आणि १० किलोहर्ट्झ वापरलात तर तो फिल्टर अधिक रुंद पडतो आणि पल्ससारख्या गोंगाटाला वाचन थोडं जास्त येतं. अंदाजाला चालेल.

दुसरं, ॲव्हरेजची मर्यादा रेषीय सरासरीसाठी आहे. लॉग स्केलवर १० हर्ट्झचा व्हीबीडब्ल्यू लावून काढलेली सरासरी पल्स सिग्नलला फार कमी दाखवते. अशा ट्रेसवर बोर्ड आरामात पास होतो आणि लॅबमध्ये आपटतो. व्होल्टेज ॲव्हरेज डिटेक्टर घ्या, किंवा स्केल लिनिअर करून मग व्हीबीडब्ल्यू कमी करा.

तिसरं, स्वस्त यंत्रांत पुढे प्रीसिलेक्टर (मोजायच्या पट्ट्याबाहेरचं आधीच अडवणारा फिल्टर) नसतो. मेन्सच्या लयीत येणारे, मोजके पण उंच पल्स मिक्सर दाबून टाकतात आणि क्वासी-पीक खोटा, बहुधा कमी, दिसतो. बाहेरून १० डीबीचा पॅड घाला. वाचन नेमकं १० डीबी उतरलं तरच आधीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.

आणि एलआयएसएनला जोडलेला ॲनालायझर सप्लाय चालू किंवा बंद करताना काढून ठेवा. लिमिटर असला तरी. तो झटका थेट इनपुट मिक्सरला जातो आणि दुरुस्तीचं बिल नव्या यंत्राच्या जवळ जातं.

---

लहरपट्टी

सप्लायच्या कंट्रोलरमध्ये फ्रीक्वेन्सी जिटर (स्विचिंगची फ्रीक्वेन्सी मुद्दाम थोडी हलती ठेवणं) आहे. १९५ ला पीक ६४, क्वासी-पीक ६१, ॲव्हरेज ४९ आला. पॅड घालून तिन्ही १० ने उतरले. पीक आणि ॲव्हरेजमध्ये १५ डीबी अंतर, हे जिटरमुळेच ना?

---

एमिशन_नाका

मुख्यतः हो. जिटरमुळे हार्मोनिक ९ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून आत-बाहेर करत राहतो. पीक आत असतानाची उंची धरतो, ॲव्हरेज बाहेरचा वेळही मोजतो. तिसऱ्या हार्मोनिकचा फैलाव मूळ जिटरच्या तिप्पट, म्हणून वरच्या हार्मोनिकांत हे अंतर आणखी वाढतं. खात्री करायची तर १९५ वर शून्य स्पॅन, आरबीडब्ल्यू ९ किलोहर्ट्झ, पॉझिटिव्ह पीक, स्वीप २० मिलिसेकंद. जिटरच्या लयीत ट्रेस वर-खाली होताना दिसेल. १० मिलिसेकंदांनी उंचवटे दिसले तर ते मेन्सच्या रेक्टिफायरचे, आणि जिटरची लय त्यावर बसलेली असेल.

क्वासी-पीकला तुमच्याकडे २.८ डीबी आहेत, ॲव्हरेजला ४.८. अरुंद आहे ते क्वासी-पीकचं. जिटर क्वासी-पीकला फारशी मदत करत नाही, कारण डिस्चार्ज १६० मिलिसेकंद चालतो आणि हार्मोनिक त्याच्या आत कितीतरी वेळा परत येतो. एक्स कपॅसिटर किंवा कॉमन मोड चोक यांतलं काय वाढवायचं ते ठरवण्याआधी लाइन आणि न्यूट्रल दोन्ही मोजून घ्या, आणि बोर्डवर पूर्ण लोड असू द्या. हलक्या लोडला कंट्रोलर बर्स्ट मोडमध्ये (थांबून थांबून स्विचिंग) गेला की ॲव्हरेज आणखी खाली येतो आणि क्वासी-पीक जवळजवळ तिथेच राहतो.